टाइम बाबूंच्या देखरेखीखाली

माझे बाबा, विश्वासराव शेलार, देवासच्या स्टोव्हच्या कारखान्यात चोवीस वर्षं टाइम कीपर होते. कारखान्याच्या फाटकाशी त्यांची एक छोटी खोली होती आणि खोलीच्या खिडकीशेजारी कार्डावर वेळ छापायचं मशीन. कामगार यायचा, फळीतून आपलं कार्ड काढायचा, मशीनच्या फटीत घालून दांडा दाबायचा. टण् असा आवाज व्हायचा आणि कार्डावर वेळ उमटायची. रोज सकाळी ते मशीन रेडिओच्या वेळेशी जुळवायचं हे बाबांचं पहिलं काम. अर्ध्या मिनिटाचा फरकही त्यांना खपत नसे. कामगार त्यांना टाइम बाबू म्हणत. हळूहळू सगळ्या कॉलनीत तेच नाव झालं. शाळेत मलासुद्धा पोरी ‘टाइम बाबू की छोरी’ म्हणायच्या.

आमची कॉलनी म्हणजे दोन ओळींत बावीस घरं. जवळपास सगळे महाराष्ट्रातून नोकरीला आलेले. आम्ही खानदेशातले, शेजारी कराडकडचे, पलीकडे सांगलीचे. गणपतीत दहा दिवस कारखान्याच्या शेडमध्ये कार्यक्रम असायचे. बायका नाटक बसवायच्या आणि पुरुष पडदे ओढायचे. सकाळी पोहे आणि वर शेव हे आम्ही माळव्याकडून घेतलं होतं, पुरणपोळी आणि कटाची आमटी घरून आणलेली होती. दसऱ्याला घरच्या मंडळींना कारखाना बघायला आत सोडायचे. तेव्हा टेस्टिंगच्या खोलीत पन्नास पितळी स्टोव्ह एका रांगेत पेटवून ठेवलेले असत, निळ्या ज्योती आणि सगळीकडे तो घर्र आवाज. रॉकेलचा वास आला की मला अजूनही दसरा आठवतो. आता तो वास तरी कुठे येतो म्हणा.

गॅस घरोघरी पोचला आणि २००३मध्ये कारखाना बंद पडला. बाबा पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर बसले, तिथूनच रिटायर झाले. चार वर्षांपूर्वी आई, बकुळाबाई, गेली आणि मी त्यांना धारला माझ्याकडे घेऊन आले.

धार माझं सासर. माझ्या सासऱ्यांचे, मल्हाररावांचे आजोबा दरबारात कारकून होते आणि घरात अजून त्याच थाटाची मराठी चालते. सासरे बाबांना ‘व्याही’ म्हणून हाक मारायचे, ‘आपण’ म्हणायचे. बाबांना त्या अदबीत अवघडल्यासारखं व्हायचं. सकाळी पाचला उठून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते व्हरांड्यात बसायचे, आणि मग दिवसभर करायला काही नसायचं. एक दिवस मल्हाररावच म्हणाले, “व्याही, सरकारी इस्पितळाच्या मागील धर्मशाळेत कोणी जाणते माणूस हवे आहे म्हणतात. आपण पाहावे.”

त्या धर्मशाळेत पेशंटचे नातेवाईक उतरतात. गंधवानी, डही, सरदारपुर, कुठून कुठून माणसं येतात. बाई आत बाळंत होत असते आणि बाहेर तिची सासू, दीर, चार पोरं. ट्रस्टने एक ओटा, तीन गॅसच्या शेगड्या आणि नळ दिलेला. शेगडीवरून रोज भांडणं व्हायची. बाबांनी पहिल्याच आठवड्यात शेगड्यांना पाळ्या लावल्या, नळाची वेळ ठरवली आणि भिंतीवर घड्याळ लावलं. ज्यांना घड्याळ कळत नव्हतं त्यांना ते स्वतः जाऊन सांगायचे, “माई, अब थारो नंबर.” बाबांचा चेहरा पुन्हा टवटवीत दिसायला लागला.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर कृतिका मॅडम धर्मशाळेत आल्या. त्या प्रोबेशन ऑफिसर. घरी मराठी बोलतात, पण शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. त्यांनी समजावलं की नव्या कायद्याने लहानसहान गुन्ह्यांत कोर्ट तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देऊ शकतं. अशा लोकांना काम देणाऱ्या जागांच्या यादीत ही धर्मशाळा घातली आहे. देखरेख करणारा, वेळ लिहिणारा माणूस पाहिजे. ट्रस्टवाल्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

“काका, तुम्हाला जमेल ना? रिकॉर्ड एकदम पक्का चाहिये.”

बाबा म्हणाले, “मॅडम, मी आयुष्यभर दुसरं काय केलं?”

नियमांचा कागद हिंदीत होता. बाबांनी तो घरी आणला आणि जेवणानंतर मला आणि मल्हाररावांना वाचून दाखवला, एखादी पोथी वाचावी तसा. दिवसाला ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. काम देताना माणसाचं वय, तब्येत आणि पोटापाण्याचा धंदा लक्षात घ्यावा. कुणाच्या घरच्या कामाला जुंपू नये. फोटो काढू नये, गळ्यात पाटी घालू नये, चारचौघांत अपमान होईल असं काही करू नये. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. दोनदा न कळवता गैरहजर राहिला किंवा उशिरा आला तर कोर्टाला कळवावं, पण आधी त्याला कारण विचारून ते रकान्यात लिहावं.

मल्हारराव म्हणाले, “शिक्षा झालेल्या माणसाची इतकी काळजी? आमच्या आजोबांच्या वेळी असे नव्हते.”

“चांगला लिहिलाय,” बाबा एवढंच म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पहिला आला तो एक ठेकेदार. वरातीत पिऊन धिंगाणा घातला होता त्याने. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःऐवजी आपल्या गड्याला पाठवलं. बाबांनी गड्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा कोणी दोस्त मोबाइल घेऊन त्याचा झाडू मारतानाचा व्हिडिओ काढायला आला. बाबा ठेकेदाराच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे जाऊन उभे राहिले. “भिया, यहाँ फोटो मना है.” दोस्त हसला, म्हणाला, मजाक है काका. बाबा हलले नाहीत. तो गेल्यावर ठेकेदार बराच वेळ खाली मान घालून झाडत होता. जाताना बाबांच्या पाया पडला.

त्यानंतर दिवाळी झाली आणि कृतिका मॅडमनी दुसरा आदेश आणून दिला. शिवाजीराव धायगुडे, वय सत्तर, राहणार धार. बसस्टँडवर दारूच्या नशेत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला, उतरेना, गाडी चाळीस मिनिटं अडकली. चाळीस तास समाजसेवा, रोज दोन तास, सकाळी आठ ते दहा.

त्या दिवशी बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “रुचा, तुला धायगुडे आठवतात का गं? देवासचे?”

मला आठवत होते. आमच्यापासून तिसरं घर. ते पॉलिश खात्यात होते, स्टोव्हच्या पितळी टाक्या चमकवायचे, आणि गणपतीत ढोलकी वाजवायचे. ढोलकी अशी वाजायची की आम्ही पोरं झोपेतून उठून शेडकडे पळायचो. त्यांची बायको जयवंतीकाकू माझ्या आईची जिवाची मैत्रीण होती. दुपारी दोघी एकमेकींच्या ओट्यावर बसून निवडणं, टिपणं करायच्या. मग मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी त्यांच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि सामान चढलं. आई टेम्पोजवळ रडत उभी होती. पुढे कितीतरी दिवस ती बाबांशी कामापुरतंच बोलायची. कारण मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते बाबांनी आता सांगितलं. कारखान्यात तेव्हा नवा मॅनेजर आला होता. त्याने नियम काढला, एका महिन्यात तीनदा उशीर झाला तर नोकरी खलास. धायगुड्यांना दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्या वेळी ते धापा टाकत फाटकाशी आले तेव्हा सात वाजून सात मिनिटं झाली होती. मशीन बाबांच्या खिडकीत होतं. काटा मागे करायला एक किल्ली पुरत होती. धायगुडे म्हणाले, “टाइम बाबू, आजच्या दिवस.” बाबांनी कार्ड घेतलं आणि स्वतःच्या हाताने फटीत घातलं.

“चूक कुठे होती त्यात?” मी विचारलं. “वेळ खोटी कशी लिहिणार होतात?”

“खोटी लिहिली नसतीच,” बाबा म्हणाले. “पण एकदा विचारायला पाहिजे होतं, उशीर का झाला म्हणून. कार्डावर कारण लिहायला जागाच नव्हती, आणि मी कार्डाच्या बाहेरचं काही बघत नव्हतो.”

मी म्हटलं, मॅडमना सांगा, दुसरीकडे पाठवतील. बाबांनी मान हलवली. त्यांना ते पळून गेल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून बाबांना सोडायला मी धर्मशाळेत गेले आणि मुद्दाम रेंगाळले. आठला पाच मिनिटं कमी असताना शिवाजीराव आले. उंच माणूस वाकला होता, पण चाल तीच. पांढऱ्या मिशा, डोक्याला टॉवेल. ओट्यावर मांडलेलं रजिस्टर, शेजारी पेन आणि मागे बसलेले बाबा, हे सगळं त्यांनी एकदा नीट बघितलं.

“नमस्कार, टाइम बाबू. कार्ड कुठं पंच करायचं?”

बाबा उठून उभे राहिले. रजिस्टर पुढे सरकवून म्हणाले, “इथं सही करा. वेळ मी लिहितो.”

“तुमीच लिवा. तुमची वेळ कधी चुकली नाय.”

त्यात टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. बाबांनाही कळलं नसावं.

पहिले काही दिवस दोघं कामापुरतं बोलत. बाबांनी त्यांना अंगण झाडायचं आणि ओटा धुवायचं काम दिलं. गुडघे दुखतात म्हणून पाण्याच्या टाकीवर चढायचं दिलं नाही. शिवाजीराव काम चोख करायचे. शेगडीचा बर्नर कचऱ्याने बंद झाला की आपल्या खिशातली बारीक पिन काढून दोन मिनिटांत साफ करायचे.

पाचव्या दिवशी एक गोष्ट घडली. डहीकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. नर्स बाहेर येऊन हिंदीत काही सांगत होती आणि म्हातारी नुसती बघत होती. अंगण झाडणाऱ्या शिवाजीरावांकडे तिची नजर गेली आणि ती ओरडलीच, “अरे, इस्टो वाळो बाबो!” शिवाजीराव झाडू टेकवून तिच्याजवळ गेले, तिच्या बोलीत बोलले, मग नर्सशी हिंदीत बोलले, मग पुन्हा तिच्याशी. पोराचं रक्त तपासायचं आहे, घाबरू नको, उपाशीपोटी ठेव. म्हातारीने त्यांचे दोन्ही हात धरले. मग बाकीची माणसंही भोवती जमली. अर्ध्या लोकांना ते माहीत होते. कुणाच्या घरचा स्टोव्ह त्यांनी दुरुस्त केला होता, कुणाचा कुकर, कुणाचा फवारणीचा पंप. तीस वर्षं ते धार जिल्ह्यातले हाट, म्हणजे आठवड्याचे बाजार, फिरत होते.

हे बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात नवल होतं. “अगं, मला वाटायचं तो माणूस संपला असेल. त्याला तर सगळा मुलूख ओळखतो.”

दहाव्या दिवशी शिवाजीराव आलेच नाहीत. अकराव्या दिवशी आले ते आठ वाजून पन्नास मिनिटांनी, पायाला धूळ, खांद्याला पिशवी. काही न बोलता झाडू उचलला. बाबांनी वेळ लिहिली. एक गैरहजेरी, एक उशीर. नियमाप्रमाणे दोन झाले होते.

त्या दिवशी बाबांनी कारण विचारलं नाही. विचारायला ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. दहा वाजता शिवाजीराव सही करून निघून गेले. दुपारी कृतिका मॅडमचा फोन आला, आठवड्याचा अहवाल हवा होता. बाबा म्हणाले, “मॅडम, एक रकाना भरायचा राहिलाय. उद्या देतो.” मग मला म्हणाले, “रुचा, स्कूटर काढ.”

पत्ता आदेशावर होता. मुंज तलावाच्या पलीकडे एका गल्लीत दोन खोल्यांचं घर, दारात कुकरची झाकणं आणि पंपांच्या नळ्या टांगलेल्या. शिवाजीराव उकिडवे बसून एक पंप खोलत होते. आम्हाला बघून त्यांनी घाईघाईने हात पुसले आणि आत ओरडले, “अगं, टाइम बाबू आलेत!”

आतून काहीच आवाज आला नाही.

बाबा खाटेवर बसले. रजिस्टर त्यांनी मांडीवर धरलं होतं. म्हणाले, “धायगुडे, काल आणि आज का चुकलं?”

“गंधवानीचा हाट होता,” शिवाजीराव सहज म्हणाले. “लोकांचे पंप माझ्याकडं होते. फवारणीचे दिवस. पंप नाय पोचले तर त्यांची फवारणी जाते. संध्याकाळची गाडी हुकली, तिथंच राहिलो, सकाळच्या पहिल्या बसनं आलो.”

“मग सांगायचं नाही का? नियमात आहे तसं. पोटापाण्याचा धंदा बघून दिवस बदलून मिळतो.”

“कोर्टाला कोण सांगणार, बाबू? कोर्ट म्हणालं आठ ते दहा, म्हणजे आठ ते दहा. आपण काय विचारायचं असतंय काय?”

बाबांनी तिथंच पेन काढलं आणि रकान्यात कारण लिहिलं, अक्षर न् अक्षर जसं सांगितलं तसं. खाली लिहिलं की हाटाच्या दिवसाऐवजी रविवारी काम द्यावं अशी शिफारस आहे. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “चौऱ्याण्णव साली मी हे विचारलं नाही. तुमची नोकरी माझ्या हातानं गेली. एकतीस वर्षं माझ्या मनात आहे ते.”

शिवाजीराव हसले. खरंच मनापासून हसले, पंपाची नळी हातात घेऊन. “आहो, तुमी अजून त्यातच? मला खरं सांगू का, कार्ड आन् भोंगा, माझा जीव गुदमरायचा तिथं. उशीर का व्हायचा ठावं हाय? देवीच्या टेकडीच्या खाली एक भजनी मंडळ होतं, पहाटे ढोलकीवर बसलो की वेळेचं भान राहायचं नाय. नोकरी गेली, बरं झालं. हाट फिरलो, माणसं पाहिली. तुमी उगाच ओझं वाहिलंत.”

बाबांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. तेवढ्यात आतल्या दारात जयवंतीकाकू उभ्या राहिल्या. केस पूर्ण पांढरे, पदर डोक्यावरून घट्ट. मला त्यांनी ओळखलं, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बकुळेची रुचा ना गं तू? मोठी झालीस.” आणि मग माझ्याकडेच बघत पुढे बोलायला लागल्या.

“रुचा, ह्यांना सोपं गेलं म्हणतात ते खरं असेल. हे बाहेर होते. मी सरदारपुरला एका खोलीत दोन लेकरं घेऊन होते. तिथं मराठी बोलणारं एक माणूस नव्हतं. लेकीची शाळा गेली, पुढं ती शिकलीच नाही. मी वर्षभर देवासची वाट बघत बसायचे, की आज कुणी येईल. तुझी आई टेम्पोपाशी आली होती, डबा घेऊन. दोन पत्रंही आली तिची. मला लिहिता येत नव्हतं, उत्तर कोण देणार?”

शिवाजीराव म्हणाले, “जाऊ दे गं आता.”

“का जाऊ दे?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “वेळ लिहिली, ती त्यांची नोकरी होती, ते मला तेव्हाही कळत होतं. पण तिसऱ्याच घरात राहत होते. टेम्पो भरत होता ते खिडकीतून दिसत होतं. माणूस बाहेर येतो, निदान ‘सांभाळून जा’ म्हणतो. तुझ्या बाबांनी खिडकी लावून घेतली, रुचा.”

बाहेर कुणीतरी हातपंप हापसत होतं. बाबांनी चष्मा काढला. ते उठले, दाराजवळ गेले आणि जयवंतीकाकूंपुढे हात जोडून उभे राहिले.

“खिडकी मीच लावली होती, वहिनी. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. बकुळा म्हणाली होती बाहेर चला, मी गेलो नाही.”

काकूंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही. आत गेल्या आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या. कप त्यांनी माझ्या हातात दिले, “बाबांना दे.” बाबांशी त्या त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

परत येताना स्कूटरवर बाबा मागे बसले होते. तलावाच्या पाळीवर म्हणाले, “थांबव जरा.” उतरून पाण्याकडे बघत उभे राहिले. मग रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, “चल. अहवाल द्यायचाय.”

कृतिका मॅडमनी शिफारस मान्य करून घेतली. हाटाचे दिवस वगळून शिवाजीरावांचे चाळीस तास पुरे झाले, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी बाबांनी पूर्ततेचा कागद दोनदा तपासला. शिवाजीराव सही करून म्हणाले, “टाइम बाबू, दारू मी सोडली असं काय म्हणत नाय. पण ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं सोडलं.” सगळी धर्मशाळा हसली. तो कागद खिशात घालून ते त्याच दुपारी सरदारपुरच्या हाटाला निघून गेले. त्यानंतर ते धर्मशाळेत कामाला आले नाहीत, त्यांना तेवढी सवड नव्हती.

बाबा मात्र बदलले. आता नवीन आदेश आला की पहिल्या दिवसाच्या आधी ते त्या माणसाच्या घरी जाऊन येतात. कामाला कुठे जातोस, घरी आजारी कोण आहे, कोणता दिवस अडचणीचा, हे सगळं विचारतात. मॅडम म्हणाल्या, “काका, ये तो नियम में नहीं है.” बाबा म्हणाले, नियमात मनाईही नाही. मल्हारराव ते ऐकून खूश झाले, सगळ्या पाहुण्यांना सांगत होते.

आणि रविवारी संध्याकाळी मी बाबांना स्कूटरवरून तलावापलीकडे सोडते. दोघं म्हातारे खाटेवर बसून देवास काढतात. भोंगा आधी वाजायचा की आठ नंबरच्या घरातल्या कोंबड्याची बांग आधी, कॅन्टीनच्या कचोरीत बडीशेप असायची की नाही, टेस्टिंगला कोण कोण होतं. शिवाजीराव मधेच कुकरच्या झाकणावर बोटांनी ताल धरतात. त्यांची मुलगी राजगडला असते म्हणे, महिन्यातून एकदा येते. मी तिला अजून भेटले नाही. बाबा तिच्याबद्दल विचारतात, पण जपून.

जयवंतीकाकू आत काम करत असतात. चहा येतो, तो अजून माझ्याच हातात येतो. माझ्याशी त्या भरपूर बोलतात, माझ्या आईबद्दल मला माहीत नसलेल्या गोष्टी सांगतात. आई लग्नाआधी झाडावर चढायची, नाटकात एकदा वाक्य विसरली तेव्हा तिने चक्क भाजीचे भाव म्हणून दाखवले होते, असलं काही काही. मी घरी येऊन ते मुलांना सांगते. त्यांची मराठी कच्ची आहे, निम्मं हिंदीत सांगावं लागतं.

मागच्या रविवारी दोघांची बायकांच्या त्या नाटकावरून जुंपली. बाबा म्हणत होते ते अठ्ठ्याऐंशी साली झालं. शिवाजीराव म्हणत होते नव्वद. बाबा हट्टाला पेटले, तारीख, वार, सगळं सांगायला लागले. माजघरातून भांडी घासण्याचा आवाज थांबला.

“एकोणनव्वद,” जयवंतीकाकू आतून म्हणाल्या. “माझा धाकटा पोटात होता, मला काम दिलं नव्हतं. चुकलात, टाइम बाबू.”

बाबा दाराकडे वळून हळूच म्हणाले, “हो वहिनी. एकोणनव्वदच.”

आणि भांडी पुन्हा वाजायला लागली.